गणित न घेता गणिताच्या परीक्षेला

साहित्य मंडळाच्या अंकात गणिताचा लेख बघून काही जण पुढच्या कवितेवर जातील, हे मला माहीत आहे. जरा थांबा. हा लेख खास तुमच्यासाठीच आहे. ज्यांनी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकला, वाणिज्य किंवा कला शाखा घेतली, आणि आता अर्जात ‘क्वांटिटेटिव्ह अ‍ॅबिलिटी’ हे दोन शब्द वाचून ज्यांचा हात थांबतो, त्यांच्यासाठी.

मी एम.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षं दर रविवारी मंडळाच्या काही मुलामुलींबरोबर मी गणित घेऊन बसते. त्यात बी.कॉम., बी.ए., बी.बी.ए. अशी सगळीच मंडळी आहेत. कुणाचं लहान भावंडही बारावीची पुस्तकं घेऊन येतं. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: “ताई, मी अकरावीला मॅथ्स घेतलंच नव्हतं. आता माझं काय होणार?” दोन वर्षांत या प्रश्नाचं जे उत्तर मला सापडलं, ते इथे मांडते आहे.

दार कुठे आहे आणि किती उघडं आहे

इंदूरमध्ये राहून ही भीती बाळगणं म्हणजे घरासमोरचं दार न बघणं. राऊ-पीथमपूर रस्त्यावरची आपली आय.आय.एम. १९९६ साली सुरू झाली. तिथे २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम चालतो, त्याला आय.पी.एम. म्हणतात. प्रवेशासाठी वेगळी अभियोग्यता परीक्षा असते. बारावीला गणित असलंच पाहिजे, अशी अट त्यात नाही. कला शाखेचा विद्यार्थीही अर्ज भरू शकतो.

दुसरं दार आपल्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाचं. तिथल्या अध्यापन विभागांतले बरेच पदवी अभ्यासक्रम २०२२ पासून सी.यू.ई.टी. या सामाईक परीक्षेतून भरले जातात. तिच्यातल्या सामान्य चाचणीत जे गणित येतं ते मुख्यतः शाळेतलं अंकगणित, सोपं बीजगणित, क्षेत्रफळ-घनफळ आणि सरासरी. ही परीक्षा तेरा भाषांतून देता येते आणि त्यात मराठीही आहे. आय.पी.एम.ची परीक्षा मात्र इंग्रजीतच असते.

आता आकडे बघा, कारण तयारीची दिशा त्यांच्यावरूनच ठरते. आय.पी.एम.च्या परीक्षेचा गेल्या काही वर्षांचा साचा असा आहे: ९० प्रश्न, १२० मिनिटं, तीन विभाग, प्रत्येक विभागाला स्वतंत्र ४० मिनिटं. पहिल्या विभागात गणिताचे १५ प्रश्न असतात आणि त्यांचं उत्तर पर्यायांविना स्वतः टाइप करायचं असतं. दुसऱ्यात गणिताचे ३० बहुपर्यायी प्रश्न. तिसऱ्यात इंग्रजी भाषेचे ४५. बरोबर उत्तराला ४ गुण. बहुपर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. टाइप करायच्या विभागात चुकल्यास काही वजा होत नाही.

म्हणजे निम्मे प्रश्न भाषेचे आहेत. रोज वाचणाऱ्या मुलाला हे काही कमी नाही. पण प्रत्येक विभागात किमान गुण लागतात, त्यामुळे ‘भाषेवर तरून जाईन’ हा हिशेब चालत नाही. गणितात पहिला नंबर काढायची गरज नाही, पण उंबरठा तरी ओलांडावा लागतोच. साचा बदलूही शकतो, म्हणून दर वर्षीची सूचनापुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः वाचा. क्लासवाल्याने किंवा मित्राने सांगितलेल्यावर विसंबू नका.

‘अडव्हान्स’ म्हणजे नेमकं काय लागतं?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. “अकरावी-बारावीचं सगळं मॅथ्स” म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर इंटिग्रेशनच्या खुणांनी भरलेला फळा येतो. आय.पी.एम.च्या जुन्या प्रश्नपत्रिका आम्ही बसून सोडवल्या. त्यांत भर आहे तो अंकगणित, संख्यांचे गुणधर्म, समीकरणं, असमानता, श्रेढी, लॉगॅरिदम, मांडणी आणि निवड मोजणं, संभाव्यता, थोडी भूमिती, थोडे मॅट्रिक्स आणि डिटरमिनंट यांवर. कॅल्क्युलसचा डोंगर चढावा लागत नाही.

एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. अकरावीच्या पुस्तकातून संच, फल, रेषीय असमानता, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, श्रेढी, सरळ रेषा, संभाव्यता एवढी प्रकरणं घ्या. बारावीच्या पुस्तकातून मॅट्रिक्स आणि डिटरमिनंटची सुरुवात घ्या. लॉगॅरिदमला अकरावीच्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण नाही, ते वेगळं शिकावं लागतं, आणि ते मी खाली थोडक्यात दिलं आहे. पण या सगळ्याच्या आधी आठवी, नववी आणि दहावीची पुस्तकं. ज्याचे अपूर्णांक डगमगतात, त्याने थेट अकरावीचं पुस्तक उघडलं की तो तिसऱ्या दिवशी ते बंद करतो.

आता मुख्य मुद्दा. यातलं बरंचसं तुम्ही आधीच शिकलेले आहात, फक्त वेगळ्या नावाने. तीन उदाहरणं देते.

पहिलं दार: आजीची पावकी

तुमच्या आजी-आजोबांना विचारून बघा. त्यांच्यापैकी काहींनी शाळेत नुसते पाढेच नाहीत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकीसुद्धा पाठ केली असेल. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांचे पाढे. आपण ते सोडून दिले आणि शेकडेवारीच्या सूत्रांत अडकलो.

शेकडेवारीचे निम्मे प्रश्न या शब्दांनीच सुटतात. २५ टक्के वाढ म्हणजे सव्वापट. ५० टक्के वाढ म्हणजे दीडपट. २५ टक्के सूट म्हणजे पाऊणपट. १२.५ टक्के म्हणजे पावाचा अर्धा, म्हणजे आठवा भाग. मग ३७.५ टक्के म्हणजे आठातले तीन.

समजा, छप्पन दुकानवर पोह्यांची प्लेट २० रुपयांवरून २५ झाली. वाढ किती? ५ रुपये, २० वर, म्हणजे २५ टक्के. आता ती पुन्हा २० वर आणायची तर किती टक्के कमी करायची? बरेच जण पटकन २५ म्हणतात. पण आता ५ रुपये २५ वर मोजायचे, म्हणून २० टक्के. सव्वापट म्हणजे चारावर पाच (५/४). परत यायचं तर पाचावर चार (४/५), म्हणजे पाचवा भाग कमी. ही एक जोडी नीट कळली की नफा-तोटा, वेग-वेळ, काम-वेळ या तिन्ही प्रकरणांत ती पुन्हा पुन्हा भेटते. वेग सव्वापट केला की वेळ पाचव्या भागाने कमी होतो, तोच हिशेब.

दुसरं दार: वाणिज्यवाल्यांचा घसारा

बी.कॉम.च्या मुलांना मी पहिल्याच दिवशी विचारते, “घसारा काढता येतो ना?” सगळे हात वर करतात. मग मी सांगते की तुम्हाला दोन्ही श्रेढी येतात.

एक लाखाचं यंत्र आहे. सरळ रेषा पद्धतीने दर वर्षी १०,००० घसारा धरला तर किंमत १,००,०००, ९०,०००, ८०,०००, ७०,००० अशी उतरते. दर वेळी तेवढाच फरक. हीच अंकगणिती श्रेढी. ऱ्हासमान शिल्लक पद्धतीने १० टक्के धरला तर किंमत १,००,०००, ९०,०००, ८१,०००, ७२,९०० अशी उतरते. दर वेळी ०.९ ने गुणलं. हीच भूमिती श्रेढी. वहीत हे तुम्ही कितीदा लिहिलंय, फक्त त्याला ए.पी. आणि जी.पी. म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता परीक्षेतला प्रश्न असा येतो: अनंत पदांची बेरीज किती? घाबरू नका. दुसऱ्या पद्धतीने दर वर्षीचा घसारा लिहा: १०,०००, ९,०००, ८,१००, आणि असंच पुढे. हे यंत्र अनंत काळ वापरलं तर एकूण घसारा किती होईल? सूत्र सांगतं: पहिलं पद भागिले (१ − गुणोत्तर), म्हणजे १०,००० ÷ ०.१ = १,००,०००. यंत्राची पूर्ण किंमत! झालंच पाहिजे ना, कारण शेवटी किंमत शून्याकडे जाते आणि जेवढी गेली तेवढाच घसारा. सूत्र विसरलात तरी हे यंत्र विसरणार नाही.

अंकगणिती श्रेढीच्या बेरजेलाही तसंच. सभागृहात पहिल्या ओळीत १२ खुर्च्या, पुढच्या प्रत्येक ओळीत दोन जास्त, अशा १० ओळी. शेवटच्या ओळीत १२ + १८ = ३०. पहिल्या आणि शेवटच्या ओळीची सरासरी २१. दहा ओळी, म्हणून २१० खुर्च्या. सूत्रात हीच गोष्ट अक्षरांनी लिहिलेली असते.

आता लॉगॅरिदम. त्याच यंत्राची किंमत निम्म्याहून कमी व्हायला किती वर्षं? ०.९ ला स्वतःनेच गुणत चला. सहा वर्षांनी सुमारे ५३,१४४ रुपये उरतात, सात वर्षांनी सुमारे ४७,८३०. उत्तर सातवं वर्ष. ‘किती वेळा गुणलं की इथे पोचतो?’ हा जो प्रश्न आहे, त्याचंच नाव लॉग. २ ला किती वेळा घेऊन गुणलं की ३२ येतात? पाच. म्हणून २ या पायावर ३२ चा लॉग ५.

बाकीचे नियम यातूनच निघतात. ८ म्हणजे तीन दोन, ३२ म्हणजे पाच दोन. त्यांचा गुणाकार म्हणजे आठ दोन, २५६. गुणाकाराच्या जागी बेरीज झाली. भागाकाराच्या जागी वजाबाकी होईल. आणि ४ हा स्वतःच दोन दोनांचा बनलेला, म्हणून ४ या पायावरचा लॉग २ या पायावरच्या लॉगच्या निम्मा. एक प्रश्न करून बघू: एका संख्येचा २ या पायावरचा लॉग आणि ४ या पायावरचा लॉग यांची बेरीज ६ आहे, तर ती संख्या कोणती? पहिल्याला प म्हणा. दुसरा प चा निम्मा. दीड प = ६, म्हणून प = ४. चार वेळा दोन, म्हणजे १६. पडताळा: २ वर ४, ४ वर २, बेरीज ६. झालं.

तिसरं दार: कवितेतलं मोजणं

कला शाखेवाले म्हणतील, आम्हाला घसाराही येत नाही. पण तुम्हाला वृत्तं येतात.

अक्षरगणवृत्तात तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु. गण किती? य, र, त, न, भ, ज, स, म असे आठ. आठच का? पहिल्या अक्षराला दोन पर्याय, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला दोन; २ × २ × २ = ८. मोजण्याच्या शास्त्राचा हा पहिला नियम, आणि तो तुम्ही मराठीच्या तासाला शिकलात. भुजंगप्रयातात एका चरणात चार य गण, म्हणजे बारा अक्षरं. बारा अक्षरांत लघु-गुरूंच्या एकूण किती मांडण्या शक्य आहेत? २ चा बारावा घात, ४०९६. त्यातली एक भुजंगप्रयात.

याच्या पुढचं तर आणखी गमतीदार आहे. मात्रावृत्तात लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा किती प्रकारे भरता येतील? गुरु-गुरु, लघु-लघु-गुरु, लघु-गुरु-लघु, गुरु-लघु-लघु, आणि चारही लघु. पाच प्रकार. आठ मात्रांचे? यादी करू नका, विचार करा. शेवटचं अक्षर लघु असेल तर आधीच्या सात मात्रा भरायच्या, गुरु असेल तर आधीच्या सहा. म्हणून आठचे प्रकार = सातचे + सहाचे. मग रांग अशी बनते: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. आठ मात्रांचे ३४ प्रकार. जगभर या संख्यांना फिबोनाचीचं नाव आहे, त्याचं पुस्तक १२०२ चं. आपल्याकडे छंदशास्त्र लिहिणाऱ्या विरहांकाने त्याच्या काही शतकं आधी हाच हिशेब मांडला होता, आणि हेमचंद्रानेही बाराव्या शतकात. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’तही शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे, ते अंकांच्या मांडण्या मोजण्याचंच. तेव्हा हे गणित साहित्याच्या अंगणातलंच आहे.

मुलं अडकतात ती क्रम महत्त्वाचा की नाही, इथे. मंडळात पाच जण आहेत. त्यातून एक अध्यक्ष आणि एक सचिव निवडायचा: ५ × ४ = २० प्रकार, कारण मी अध्यक्ष आणि तू सचिव हे उलट केलं तर वेगळं होतं. पण पाहुण्यांना आणायला दोघांना स्टेशनवर पाठवायचं असेल तर? मी आणि तू, तू आणि मी, एकच जोडी. म्हणून २० चे निम्मे, १०. प्रत्येक प्रश्नापुढे आधी एवढंच विचारा: पदं वाटायची आहेत की नुसती माणसं निवडायची आहेत?

तीन भाषांची वही

इंदूरच्या मराठी मुलांची एक वेगळी अडचण आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी, परीक्षेला इंग्रजी. आकडा कळतो पण शब्द घसरतो. इंग्रजीतल्या रेशोला मराठीत गुणोत्तर म्हणतात, हिंदीत अनुपात. हिंदीत गुणोत्तर श्रेणी म्हणजे आपली भूमिती श्रेढी. आपली अंकगणिती श्रेढी म्हणजे त्यांची समांतर श्रेणी. आपली संभाव्यता त्यांची प्रायिकता. आणि मराठीत दोन गुणोत्तरं सारखी असली की आपण ‘प्रमाणात आहेत’ म्हणतो, तर हिंदीत प्रमाण म्हणजे पुरावा! मराठी पुस्तक आणि हिंदी व्हिडिओ एकाच संध्याकाळी बघणारा मुलगा इथे गोंधळणारच.

यावर उपाय साधा आहे. एका वहीत तीन रकाने करा: इंग्रजी शब्द, हिंदी शब्द, मराठी शब्द. चौथ्या रकान्यात स्वतःचं एक उदाहरण. रोज तीन शब्द. दोन महिन्यांत जवळजवळ पावणेदोनशे शब्द होतात, त्यापुढे फारसे लागतच नाहीत.

चोवीस आठवड्यांचा आराखडा

या परीक्षा साधारण मे महिन्याच्या सुमारास असतात. दिवाळीनंतर सुरुवात केली तर हातात चोवीस-एक आठवडे मिळतात. त्याची वाटणी मी अशी करते.

पहिले आठ आठवडे आठवी ते दहावीची पुस्तकं: अपूर्णांक, शेकडेवारी, गुणोत्तर, घातांक, रेषीय आणि वर्गसमीकरणं, त्रिकोण-वर्तुळ. उदाहरणं वाचायची नाहीत, उत्तर झाकून सोडवायची. पुढचे दहा आठवडे वर दिलेली अकरावी-बारावीची निवडक प्रकरणं आणि लॉग. एका प्रकरणाला साधारण आठवडा, आणि रविवारी मागच्या सगळ्याची उजळणी. शेवटचे सहा आठवडे जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. रोज दीड तास पुरतो, पण रोज. कॉलेजच्या सेमिस्टर परीक्षेच्या दिवसांत अर्ध्या तासावर आणा, बंद करू नका.

आकडेमोडीचा हात सुटण्यासाठी आम्ही देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा खेळ वापरतो. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. २०२५ घेऊ: ५२२० − ०२२५ = ४९९५; ९९५४ − ४५९९ = ५३५५; ५५५३ − ३५५५ = १९९८; ९९८१ − १८९९ = ८०८२; ८८२० − ०२८८ = ८५३२; ८५३२ − २३५८ = ६१७४. सहा पायऱ्या. सातव्यापर्यंत ६१७४ आलं नाही तर वजाबाकी कुठे तरी चुकली, हे तुमचं तुम्हालाच कळतं. रोज सकाळी चहाबरोबर दोन संख्या, कॅल्क्युलेटरशिवाय.

घड्याळ आणि अंदाज

बहुपर्यायी विभागात ४० मिनिटांत ३० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ८० सेकंद. टाइप करायच्या विभागात १५ प्रश्न, म्हणजे १६० सेकंद. या दुसऱ्याला गुण वजा होत नाहीत, म्हणून तिथे सोडवायला घेतलेल्या प्रश्नाची जागा रिकामी ठेवायची नाही.

अंदाज करावा का? हाही संभाव्यतेचाच प्रश्न आहे. चार पर्यायांत डोळे मिटून एक निवडला तर चारांत एकदा ४ गुण, तीनदा १ वजा: सरासरी १ − ०.७५ = ०.२५. म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि एखाद्या दिवशी तोटाच. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर सरासरी सुमारे ०.६७, आणि दोन पर्याय काढता आले तर १.५. म्हणून अभ्यास करताना ‘उत्तर काय’ इतकंच महत्त्वाचं आहे ‘काय असूच शकत नाही’. सम संख्या हवी तिथे विषम पर्याय खोडा. किंमत घटली आहे तिथे वाढलेले आकडे खोडा.

पहिल्या वाचनात सगळे प्रश्न बघा. ओळखीचे आधी, लांबलचक नंतर, अनोळखी सोडून द्या. तीसपैकी तीस सोडवायला कुणी सांगितलेलं नाही.

हे कशासाठी?

आमच्या रविवारच्या गटातल्या एका मुलीबद्दल सांगते. वडील कापड बाजारात मुनीम. दहावीला तिला गणितात बरे गुण होते, पण अकरावीत शिकवणीची फी दोन भावंडांपैकी एकाचीच परवडणार होती, आणि ती भावाची भरली गेली. तिने गणित सोडलं. पुढे एका शिकवणी वर्गात चौकशीला गेली तर समोरच्या माणसाने मार्कशीट बघून सांगितलं, “मॅथ्स नाही? मग राहू द्या.” त्यानंतर ती वर्षभर कुठलाही अर्ज न भरता बसली होती.

आमच्याकडे आली तेव्हा पहिले पाच रविवार ती फक्त अपूर्णांक करत होती. सहाव्या रविवारी घसाऱ्याची श्रेढी तिनेच बाकीच्यांना समजावली. त्या वर्षी तिने दोन्ही परीक्षा दिल्या. आय.आय.एम.ची मुलाखत आली नाही. विश्वविद्यालयात मात्र तिला हवा होता तो अभ्यासक्रम मिळाला, आणि आता ती घरी बसून भावाच्या दुकानाचे हिशेबही बघते. त्याच गटातला एक मुलगा तिसऱ्या रविवारनंतर आला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही सांगते. या तयारीने जागा मिळेलच असं मी कुणालाही म्हणणार नाही. पण “मॅथ्स नाही, मग राहू द्या” हे वाक्य खरं नाही, एवढं मी वही उघडून दाखवू शकते.

एक व्यवहाराची गोष्टही. मोठ्या संस्थांची फी मोठी असते. अर्ज भरण्याआधी घरी आई-वडिलांसोबत बसा, पाच वर्षांची फी, शैक्षणिक कर्जाचा हप्ता, शिष्यवृत्तीच्या अटी कागदावर मांडा. चक्रवाढ व्याज तुम्हाला आता येतंच: ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. ८ टक्क्यांना नऊ वर्षं, १२ टक्क्यांना सहा. कर्ज घेतानाही हाच हिशेब लागू पडतो.

तेव्हा या आठवड्यात तीन कामं करा. आठवीचं गणिताचं पुस्तक शोधून काढा, घरात नसेल तर उतरवून घ्या. तीन रकान्यांची वही आखा. आणि आजीला दिडकी येते का ते विचारा. येत असेल तर पंधरा दीड किती, ते तिच्या तोंडून ऐका. पुढच्या रविवारी मंडळाच्या खोलीत आपण तिथूनच सुरू करू. येताना कोरी वही आणि पेन्सिल आणा, बाकी काही लागत नाही.